टरफलांचा पापुद्रा

आमच्या काळसेबंदरला यायचं तर कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. हमरस्त्यावरून खाली उतरलं की नाक पुढे करायचं आणि चालत सुटायचं. खाडीच्या तोंडाशी कोळंबी सोलायची शेड होती आणि शेडच्या मागे टरफलांचा ढीग. माणसापेक्षा उंच, उन्हात गुलाबी दिसणारा, आणि असा काही घाण मारणारा की तालुक्याच्या कॉलेजात माझ्या शेजारी कुणी धड बसायचं नाही. त्या वासाचा सूड घ्यायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. त्या वयात माणूस काय वाट्टेल ते ठरवतं. माझं दुर्दैव एवढंच की मला ते जमलं.

मी केतकी मेथर. जिल्ह्याच्या गावी जे सागरी संशोधन केंद्र आहे तिथे मी अकरा वर्षं काम केलं. माझी आई सुहासिनी त्याच शेडमध्ये तीस वर्षं कोळंबी सोलत होती. बाबा मी चौथीत असताना गेले, त्यामुळे माझं शिक्षण म्हणजे आईच्या दोन हातांची करामत. मिनिटाला वीस कोळंब्या. डोकं, साल, शेपटी, मधला काळा धागा, सगळं एका झटक्यात. माल परदेशी जायचा आणि साल मागच्या दाराने ढिगावर.

त्या सालीत काय असतं ते एकदाच सांगते. ढोबळमानाने तीन वाटे. एक वाटा चुना, एक वाटा प्रथिनं, आणि तिसरा वाटा कायटिन नावाचा चिवट पदार्थ. खेकड्याची पाठ, झुरळाचे पंख, कोळंबीची साल, सगळ्यांना कडकपणा देतो तो हाच. त्यावर थोडी प्रक्रिया केली की त्याचं कायटोसान होतं, आणि ही मोठी गुणाची वस्तू आहे. जखमेवर ठेवली तर वाहतं रक्त थांबवते, जंतूंना थारा देत नाही, आणि नव्या कातडीच्या पेशींना चढायला मांडव घालून देते. हे सगळं जुनंच ज्ञान. अडचण होती ती चुना आणि प्रथिनं वेगळी करण्याची. त्यासाठी तीव्र आम्ल लागायचं, मग तीव्र अल्कली, मग टाक्याच्या टाक्या पाणी, आणि शेवटी ते विषारी पाणी परत खाडीत. म्हणजे एक घाण काढायची आणि दुसरी घालायची.

मला त्यावरचा उपाय आमच्या ढिगातच सापडला. ढिगाच्या अगदी तळाशी, जिथे वर्षानुवर्षं हवा लागली नव्हती, तिथल्या साली मऊ, पारदर्शक झालेल्या होत्या. तिथे एक जिवाणू राहत होता. तो प्रथिनं खायचा आणि खाताना आम्ल सोडायचा, त्या आम्लात चुना विरघळायचा. दोन्ही कामं एकटा करायचा आणि मागे शुद्ध कायटिन ठेवायचा. आम्ही त्याला टाक्यांत वाढवला. चार दिवसांत एक टन साल फस्त. उरलेल्या कायटिनपासून आम्ही तळहाताएवढा पापुद्रा विणला, कांद्याच्या आतल्या पडद्याइतका पातळ. सशांच्या जखमा त्याने भरल्या, डुकरांच्या भरल्या. दोन हजार अडतीस साली शेडमागचा ढीग पहिल्यांदा पूर्ण उचलला गेला आणि गावातली माणसं खाडीकाठी नाकाला रुमाल न लावता उभी राहिली. आईने त्या दिवशी घरी खीर केली होती.

एक गोष्ट मात्र शंभर टक्के होत नव्हती. प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश पापुद्र्यात राहायचा. दहा हजारांत एक भाग, म्हणाल तर नाहीच. पण कोळंबीच्या मांसात एक असं प्रथिन असतं की ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याच्या शरीराला तेवढाही अंश पुरतो. म्हणून आमच्या चाचणीचा नियम स्पष्ट होता. प्रत्येक रुग्णाला आधी प्रश्न विचारायचे, मग हातावर सुईने टोचून तपासणी करायची, आणि दोन्हींत काही आढळलं नाही तरच पापुद्रा लावायचा. हा नियम मीच लिहिला होता.

पुढच्या एप्रिलमध्ये पहिल्या फेरीत दहा रुग्ण घ्यायचे होते. मधुमेहामुळे पायाला पडणाऱ्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांचे. आणि नेमकं त्याच एप्रिलमध्ये मला कळलं की आईच्या डाव्या पायाला तशी जखम आहे.

कळलं म्हणजे आईने सांगितलं नाही. शेजारच्या रजनीकाकीने फोन केला. काकी आईच्याच टेबलावर, समोर उभी राहून सोलायची, पंचवीस वर्षं. तिने फोनवर एवढंच म्हटलं, "येवन आवशीचो पाय बघ एकदा."

मी गेले आणि आईला पाय दाखवायला लावला. तीस वर्षं बर्फाच्या पाण्यात रबरी बूट घालून उभं राहिलेला पाय. टाचेला कवडीएवढा खड्डा पडला होता, कडा काळ्या. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि घोट्यापासून काढावा लागेल असं सांगितलं. पुढच्या सोमवारची तारीखही दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता.

"मी पाय कापूक देवचंय नाय," आई म्हणाली. "एका पायार उभ्या रवान सुंगटां कशी सोलू?" कोळंबीला आमच्याकडे सुंगट म्हणतात.

"आता कशाला सोलायचीत? माझ्याकडे राहा."

"तुझ्याकडे बसान काय करू? भिंती बघू?" मग म्हणाली, "तुझो तो पापुद्रो माका चलाचो नाय?"

खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. नात्यातलं माणूस चाचणीत घेऊ नये असा नियम आमच्याकडे नव्हता. असायला हवा होता. मी संचालकांना विचारलं, त्यांनी आमच्या डॉक्टर फैझान मुजावरांवर सोपवलं, मुजावरांनी जखम पाहिली आणि म्हणाले, असाच रुग्ण आपल्याला हवा आहे. मी हवेत होते. आईने सोललेल्या सालीचा पापुद्रा आईच्याच पायाला लागणार आणि तिचा पाय वाचणार, यापलीकडे मला त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं.

शनिवारी आईला चाचणीसाठी केंद्रात उघडलेल्या छोट्या वॉर्डात आणलं. प्रश्नावली शब्द न बदलता मोठ्याने वाचायची असा दंडक होता, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं होत नाही. मी पांढरा कोट घालून तिच्यासमोर बसले, कागद हातात धरला आणि वाचलं, "तुम्हाला मासे, कोळंबी, खेकडे किंवा अन्य कोणत्याही पदार्थाची ॲलर्जी आहे का? अंगावर पुरळ, खाज, गांधी उठणे, श्वास लागणे असा त्रास कधी झाला आहे का?"

आई हसायलाच लागली. "माका 'तुमका' म्हणता!"

"आई, असंच वाचावं लागतं. उत्तर दे."

ती सरळ बसली. दोन्ही हात तिने आपोआप पुढे केले, आधी पालथे, मग उताणे. आणि म्हणाली, "काय नाय."

ते हात मला तेव्हाच कळायला हवे होते. शेडच्या दारात रोज सकाळी हेच चालायचं. बायका रांगेत उभ्या राहायच्या, पर्यवेक्षक मॅडम कागदाची पाटी घेऊन यायच्या, बायका हात पुढे करायच्या, पालथे, मग उताणे. कापलं, फोड, पुरळ, खाज, काहीही दिसलं की ती बाई घरी. माल परदेशी जाणार, त्यावर कुणाच्या हाताची घाण जायला नको, हे बरोबरच आहे. पण घरी गेलेल्या बाईच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी उभी असायची. त्यामुळे "काय त्रास?" या प्रश्नाला त्या शेडमध्ये तीस वर्षांत एकच उत्तर दिलं गेलं होतं.

लहानपणी पहाटे जाग आली की आई चुलीपाशी बसून कोपरापासून हाताला कोकमाचं आगळ चोळताना दिसायची. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आगळच लावतात, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी विचारलं तर म्हणायची, वास जातो. मी विश्वास ठेवला. घरात मी, पाहुणे, सगळे कोळंबीवर तुटून पडायचो आणि ती एकही तोंडात घालायची नाही. म्हणायची, दिवसभर तेच बघते, शिसारी येते. त्यावरही मी विश्वास ठेवला. पुढे मी याच विषयात डॉक्टरेट केली, ॲलर्जीवर शोधनिबंध लिहिले, आणि तरीही माझ्या डोक्यात एकदाही उजेड पडला नाही. हुशार माणसासारखं आंधळं कुणी नसतं.

आता टोचून तपासणी. ती करणाऱ्या तज्ज्ञ बाई गुरुवारी यायच्या. सोमवारी पाय कापायची तारीख होती, आणि ती एकदा गेली की विष वर चढायची भीती. मुजावर म्हणाले, "केतकीताई, गुरुवारपर्यंत थांबू या का? मी रुग्णालयाशी बोलतो."

मी म्हटलं, "डॉक्टर, जी बाई तीस वर्षं रोज सात तास कोळंबीत हात घालून उभी आहे तिला कोळंबीची चाचणी? अहो, तिची चाचणी तीस वर्षं चालूच आहे की!"

ते हसले. मीही हसले. आणि कागदावरच्या 'टोचून तपासणी झाली' या चौकटीत मी माझ्या हाताने बरोबरची खूण केली.

त्याच दिवशी पहिला पापुद्रा लावला आणि पाचव्या दिवशी जखमेच्या कडेला गुलाबी रंग दिसला. मुजावरांनी मला हाक मारून दाखवलं. तो रंग मी सशांच्या पाठीवर शेकडो वेळा पाहिला होता, पण आईच्या टाचेवर पाहिला तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. पायाची तारीख रद्द झाली. आई येणाऱ्या-जाणाऱ्या परिचारिकांना पकडून सांगायची, "ह्यां माझ्या चेडवाचा औषध." चेडू म्हणजे लेक. झाडणाऱ्या मावशींनी ते किमान आठ वेळा ऐकलं असेल.

दुसरा पापुद्रा पुढच्या शनिवारी. खड्डा निम्म्यावर आला. त्यानंतर आई वॉर्डात लांब बाह्यांचा स्वेटर घालून बसू लागली.

"मे महिन्यात स्वेटर?" मी चिडवलं. "काश्मीरला निघालीस की काय?"

"तुमचो एसी बाधता माका."

मी एसी कमी केला. स्वेटरची बाही वर केली नाही. पापुद्रा आता तिच्या उघड्या मांसावर होता, मधे कातडीचा आडोसा नव्हता. हातांनी तीस वर्षं जे थोपवून धरलं होतं ते आता थेट रक्तात चाललं होतं, आणि प्रत्येक वेळी तिचं शरीर आणखी सावध, आणखी चवताळलेलं होत होतं. अंगावर गांधी उठल्या होत्या. तिने ते लपवलं. लपवण्यात तिचा हात कोण धरणार होतं?

तिसरा शनिवार. सकाळचे साडेदहा. मुजावरांनी पापुद्रा बसवला, मी शेजारी उभी. आई मला सांगत होती की पाय भरला की आधी रजनीकाकीला घेऊन वेतोबाच्या दर्शनाला जाईन, चालत. मधेच थांबली. घशाला हात लावला. ओठ सुजताना मी पाहिले, इतक्या लवकर की माझा विश्वास बसेना. मुजावरांनी पापुद्रा ओढून काढला, इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांनी दुसरं दिलं. तिला रक्तदाबाची जी गोळी चालू होती तिच्यामुळे त्या इंजेक्शनचा जोर पडत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिसरंही औषध दिलं, नळी घालायचा प्रयत्न केला. स्वेटर कापला तेव्हा दिसलं, खांद्यापासून मनगटापर्यंत जुने-नवे चट्टेच चट्टे होते.

ती माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, ओशाळलेली होती. चोरी पकडली गेल्यासारखी. मला ते डोळे अजून झोपू देत नाहीत. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना ती गेली. तिचा पाय साठ टक्के भरला होता.

चौकशी बसली. संचालक भले माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "केतकी, प्रश्नावलीवर त्यांचं उत्तर आहे, अंगठा नाही, सही आहे. रुग्णाने माहिती लपवली, हे सत्यच आहे. तेवढं एक वाक्य लिही. काम थांबणार नाही. या पापुद्र्यावर किती पाय अवलंबून आहेत, तुला सांगायला नको."

सत्यच होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. माझी आई खोटं बोलली असं मी लिहायचं, आणि तेवढ्यावर माझी चौकट झाकली जाणार. मी दोन दिवस घेतले. मग लिहिलं की टोचून तपासणी झालेली नव्हती आणि ती झाल्याची खूण माझी आहे. मुजावरांचं नाव मी घातलं नाही, पण त्यांनी स्वतःच वेगळा कागद लिहून दिला. मला केंद्रातून जावं लागलं. काम सात महिने थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, माझ्याशिवाय. नव्या लोकांनी प्रथिनाचा उरलेला अंश काढायची आणखी एक पायरी शोधली. साधीच होती, मला सुचायला हवी होती. आज तो पापुद्रा तालुक्या-तालुक्याच्या दवाखान्यात आहे आणि हजारो माणसं आपल्या पायांनी घरी जातात. मला त्याचा आनंद होतो. खोटं नाही, होतो. पण तो आनंद मला पुरत नाही.

आईचं वर्षश्राद्ध काळसेबंदरच्या घरीच केलं. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, दुपारचे तीन वाजले असतील. रजनीकाकी मागच्या अंगणात न्हाणीपाशी बसून भांडी घासत होती. मी नको नको म्हणत होते, पण ती ऐकणारी नव्हे. शेवटी मीही पदर खोचून तिच्यासमोर बसले आणि विसळायला लागले. वर्षभर जो प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता तो तेव्हा तोंडातून गेला.

"काकी, आईने मला का नाही सांगितलं?"

काकीने मान वर केली नाही. "तू इचारलंस खंय?"

"विचारलं होतं ना! पहिलाच प्रश्न तो होता."

"तेव्हा तुझ्या हातात कागद होतो." ती पातेलं घासत राहिली. "त्या दिवशी माका फोन केल्यान तिना. पयली खूप हसली. म्हणाली, माझा चेडू माका 'तुमका' म्हणता, शेडीतल्या मॅडमसारखा बोलता. मगे फोन ठेवल्यान. कागद घेवन इचारणाऱ्याक आमी 'काय नाय' म्हणतंव, बाये. तोंडाक तीच सवय. दुसरा येतलाच कसा?"

"पण नंतर तरी? मी रोज तिच्याजवळ बसत होते."

"नंतर सांगल्यान आसता तर तुझा काम थांबला आसता. ता तिका होया नाय होता."

मी हातातली वाटी खाली ठेवली. नळ बारीक वाहत होता. काकीच्या गळ्याशी, साडीच्या काठाच्या आत, लाल पट्टा दिसत होता. मला विचारायचं धैर्य होईना, आणि विचारल्याशिवाय राहवेना.

"आणि तुका, काकी? तुका खाज येता?"

"येता," ती म्हणाली.

तिने एकदम सांगितलं, राख बोटाने उचलता उचलता. मानेला येते, कोपराला येते, पावसाळ्यात दम लागतो. तेवीस वर्षं झाली. आईचं आणि तिचं एकाच साली सुरू झालं होतं आणि दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना रोज सांगायच्या, आज इथे उठलं, आज तिथे उठलं. "शेडीत मात्र कोणाक सांगू नको हां," ती शेवटी म्हणाली.

"सांगूचंय नाय," मी म्हटलं. इतकं सोपं होतं ते. आईच्या समोर असं उकिडवं बसून, हात राखेत घालून, एकदा विचारायचं होतं. दहा मिनिटांचं काम होतं आणि मी अकरा वर्षं वेळ काढला नव्हता. मी तिथेच बसून मोठ्याने रडले. काकीने माझ्या पुढ्यातली भांडी आपल्याकडे ओढून घेतली आणि मला रडू दिलं.